गुण मिळाले, समीक्षा राहिली

८ मे २०१८ रोजी ‘पिलर्स ऑफ इटर्निटी २: डेडफायर’ हा गेम बाजारात आला, तेव्हा समीक्षकांनी हात आखडता घेतला नाही. परीक्षणांतल्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर ती सरासरी ८८ च्या घरात गेली. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट आरपीजीच्या, म्हणजे रोल-प्लेइंग गेमच्या, पाच नामांकनांत त्याचं नाव होतं. पुरस्कार ‘मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड’ने नेला, पण यादीत येणं हाही मानच. एवढं होऊनही पहिल्या भागाच्या मानाने दुसऱ्याची सुरुवातीची विक्री फार कमी झाली. दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी पुढे जाहीरपणे लिहिलं, की असं का झालं याचं नेमकं कारण आपल्याला उमगलेलं नाही आणि ते उमगल्याशिवाय तिसऱ्या भागाला हात कसा घालायचा हा प्रश्न आहे.

तेव्हापासून या कोड्यावर पुष्कळ बोललं गेलं. कुणी जहाजावरच्या लढाईला दोष दिला, कुणी प्रचाराला, कुणी समुद्रच नको होता म्हणालं. मला यातलं कुठलंच कारण पुरेसं वाटत नाही, आणि विक्री हा माझा मुख्य मुद्दाही नाही. माझं म्हणणं असं आहे की डेडफायरला गुण मिळाले, पण समीक्षा मिळाली नाही. जी मिळायला हवी होती ती करण्याची ऐपत ठाण्यात, नवी मुंबईत, या खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या मराठी माणसाकडे होती आणि अजूनही आहे. आपण ती केली नाही, कारण गेमवर गंभीरपणे लिहायचं असतं हेच आपण अजून मान्य केलेलं नाही.

जे गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आरपीजी म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम: कुणाशी काय बोलायचं, कुणाची बाजू घ्यायची, कुणाला वाचवायचं हे आपण ठरवायचं आणि त्याचे परिणाम पुढे भोगायचे. १९९८ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ आणि २००० मध्ये त्याचा दुसरा भाग आला, आणि या प्रकाराला एक ठरलेलं रूप मिळालं. वरून तिरकं दिसणारं, हाताने रंगवल्यासारखं जग, सहा जणांची टोळी, लढाई मध्येच थांबवून हुकूम द्यायची सोय, आणि वाचायला ढीगभर मजकूर. काही वर्षांनी मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार सोडून दिला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन या स्टुडिओने लोकांनाच विचारलं, की तसा गेम पुन्हा करायचा आहे, पैसे द्याल का? किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यांनी ११ लाख डॉलर मागितले होते. ७० हजारांहून अधिक लोकांनी मिळून ४० लाखांच्या आसपास दिले. मार्च २०१५ मध्ये पहिला ‘पिलर्स’ आला आणि एका मोडकळीला आलेल्या स्टुडिओला त्याने उभं केलं. दुसऱ्या भागासाठी २०१७ मध्ये पुन्हा वर्गणी झाली आणि ४४ लाख डॉलर जमले.

पैसे लोकांनी आठवणींपोटी दिले होते, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. समीक्षकांपैकी अनेक जणही त्याच आठवणींवर वाढलेले. त्यामुळे डेडफायर हातात आला तेव्हा पहिला प्रश्न विचारला गेला तो ‘हा जुन्यासारखा आहे का?’ टोळी सहाची पाच का केली? जंगल आणि गुहांऐवजी बेटं आणि जहाजं का? जवळजवळ सगळे संवाद आवाजात रेकॉर्ड केलेत, हे चांगलं की वाचनाची मजा गेली? प्रश्न वाईट नाहीत. पण नव्या नाटकाला फक्त जुन्या संचाच्या आठवणीने मोजत बसलं तर नाटककाराला या वेळी काय म्हणायचं होतं ते कानावर येतच नाही.

आणि मग येतो आकडा. गेमच्या जगात गुणांना जे वजन आहे ते सिनेमात नाही, पुस्तकात तर नाहीच नाही. याच ऑब्सिडियनने ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ केला होता. त्याचे एक लेखक ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये उघड सांगितलं, की त्या गेमच्या विक्रीतला वाटा स्टुडिओला मिळणार नव्हता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले तर बोनस मिळणार होता. पडले ८४. एका गुणाने माणसांच्या कष्टाचा मोबदला हुकला. तो एक गुण कुठल्या समीक्षकाने, कुठल्या दिवशी, कशापायी कापला हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण मेटाक्रिटिकची सरासरी साधी नसते. कुणाच्या मताला किती वजन द्यायचं ते ती साइट ठरवते आणि तो हिशेब बाहेर सांगत नाही. अशा आकड्यावर पगार ठरतात, नोकऱ्या ठरतात, पुढचा भाग होणार की नाही ते ठरतं. दहावीच्या टक्क्यांवर मुलाची आख्खी ओळख लावणाऱ्या समाजाला यातला अन्याय वेगळा समजावून सांगायला नको.

शिवाय तो आकडा गोठलेला असतो. साठ-सत्तर तासांचा गेम समीक्षकाच्या हाती काही दिवस आधी पडतो. प्रकाशनाच्या दिवशी मजकूर तयार हवा, म्हणून तो धावत खेळतो. डेडफायर पहिल्या दिवशी फार सोपा होता, लढायांत दम नव्हता; सोबत्यांशी नातं जुळण्याची यंत्रणा इतकी उतावीळ होती की दोन गोड शब्द बोलताच समोरचा प्रेमात पडायचा. या तक्रारी खऱ्या होत्या. पण पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे नंतर दिलेल्या दुरुस्त्यांत, काठिण्य वाढलं, नात्यांचा वेग सुधारला, त्याच वर्षी तीन डीएलसी, म्हणजे जोडभाग, आले आणि जानेवारी २०१९ मध्ये पाळीपाळीने लढण्याची, म्हणजे टर्न-बेस्ड पद्धत जोडली गेली. लढाईचा स्वभावच बदलला. आज ऐरोलीतल्या एखाद्या मुलीने स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये हा गेम घेतला तर तिच्या पडद्यावर जे उघडेल, त्याला ते ८८ गुण मिळालेलेच नाहीत. ते मिळाले मे २०१८ मधल्या एका कच्च्या प्रतीला. तरी तिला दिसणार तेच ८८.

हे सगळं मी अजून बाहेरून बोलतो आहे. आत काय आहे, तिथे माझी खरी तळमळ आहे.

डेडफायर हा द्वीपसमूह आहे. तिथे हुआना नावाचे लोक पूर्वापार राहतात. त्यांची राजधानी नेकेटाका, राणी ओनेकाझा. या बेटांवर दोन कंपन्या उतरल्या आहेत. व्हेलियन ट्रेडिंग कंपनीला तिथला चमकता अड्रा हवा आहे; हे एक खनिजासारखं द्रव्य, त्यात आत्म्यांची शक्ती साठते आणि त्यावर त्यांचं नवं शास्त्र चालतं. रॉयल डेडफायर कंपनी ही रौआताई या बलाढ्य राज्याची. त्यांच्या मायभूमीला वादळं झोडपून काढतात, त्यांना पिकाऊ जमीन हवी आहे, आणि शिस्त व पोटभर अन्न आपणच आणू शकतो असा त्यांचा प्रामाणिक विश्वास आहे. यांच्याबरोबर प्रिन्सिपी हे समुद्री चाचे. चौघांपैकी कुणाशी जवळीक करायची ते खेळणाऱ्याने ठरवायचं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून इओथास हा देव डोंगराएवढ्या पुतळ्यात शिरून समुद्रातून चालत निघाला आहे.

इंग्रजीतल्या अनेक परीक्षणांत वसाहतवादाचा उल्लेख आला. एखाद-दुसरं वाक्य, कधी एखादा परिच्छेद. ‘परिपक्व विषय’, ‘करड्या छटा’ असे शब्द, आणि पुन्हा जहाजाच्या तोफांकडे. उल्लेख करणं आणि वाचणं यात फार अंतर आहे. परीक्षणात जागा कशाला मिळाली ते पाहिलं की अंतर लक्षात येतं. जहाजावरची लढाई मजकुराच्या चौकटींतून चालते आणि कंटाळवाणी होते, हे जवळजवळ सगळ्यांनी सविस्तर लिहिलं. खरंच आहे ते, मीही ती टाळून थेट शत्रूच्या जहाजावर चढायचा पर्याय घेतो. पण नेकेटाकाच्या पोटातल्या ‘गलेट’ वस्तीबद्दल किती जणांनी थांबून लिहिलं?

हुआनांमध्ये उतरंड आहे. वर मतारू, मध्ये कुआरू, तळाला रोपारू. रोपारूंनी राबायचं आणि वरच्यांचं जेवून उरेल ते खायचं. गलेट म्हणजे या रोपारूंची वस्ती: शहराच्या तळाशी, अंधारात, वरून येणाऱ्या उरल्यासुरल्यावर जगणारी. हे सगळं परंपरेच्या आणि पुनर्जन्माच्या नावाने चालतं. आत्मा चक्रातून फिरतो, आज रोपारू म्हणून जन्मलास तर उद्या वर जाशील. हा भाग खेळताना मला पाश्चात्त्य समीक्षकासारखं ‘वा, किती तपशीलवार जग उभं केलंय’ असं म्हणता येत नाही. उष्टं कुणी खायचं हे जन्मावरून ठरवणारी व्यवस्था ज्या भूमीत होती, त्याविरुद्ध जिथे चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, तिथला वाचक गलेटच्या पायऱ्या उतरताना कल्पनारम्य जगात नसतोच.

गेमची खरी धमक पुढे आहे. कंपन्यांचे लोक याच उतरंडीकडे बोट दाखवतात. बघा, यांची राणी यांनाच उपाशी ठेवते. आम्ही आलो तर निदान पोटाला मिळेल. आणि हुआनांची बाजू घेणारा खेळाडू अडचणीत येतो, कारण आरोप खोटा नाही. परकी सत्ता आणि घरचा अन्याय, दोन्हीशी एकाच वेळी कसं भांडायचं? महाराष्ट्रात कित्येक दशकं हा वाद चालला. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावर माणसं तुटली, वर्तमानपत्रं तुटली, सभा उधळल्या. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही या वादाची तोंडओळख असते. डेडफायर त्याच वादाच्या मधोमध खेळणाऱ्याला उभं करतो आणि उत्तर सोपं करून देत नाही. यावर लिहायला मराठी समीक्षकाला वेगळी तयारी करावी लागली नसती. त्याच्या घरात ती पुस्तकं आहेत.

आता ठाण्याकडे येतो. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास ठाण्याच्या किल्ल्याचं काम काढलं. १७३७ मध्ये साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, मराठ्यांकडे आली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मग १७७४. पोर्तुगीज आरमार साष्टी परत मिळवायला येतं आहे अशी बातमी मुंबईतल्या इस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांना लागली, आणि ते यायच्या आत आपणच घ्यावं म्हणून डिसेंबरात कंपनीने ठाण्यावर चाल केली. किल्ला पडला. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कंपनीकडे कायम झाली. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे, आणि त्याच्या भिंतीला लागून रोज हजारो ठाणेकर जात-येत असतात.

‘आम्ही नाही घेतलं तर ते घेतील.’ रॉयल डेडफायर कंपनीचा माणूस व्हेलियनांबद्दल हेच म्हणतो, व्हेलियन लोक रॉयल कंपनीबद्दल हेच म्हणतात. समीक्षकांनी या संवादांना ‘गटांचं राजकारण’ म्हटलं. ठाण्याच्या माणसाला ते आपल्याच किल्ल्याच्या इतिहासातलं पान वाटलं पाहिजे. सॉयर इतिहासाचे पदवीधर आहेत. त्यांना व्यापारी कंपन्या कशा राज्यकर्त्या होतात हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते नीट बांधलं. त्यांनी ठाणं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं असं मला म्हणायचं नाही. पण ज्या किनाऱ्यावर एकापाठोपाठ एक असे परक्या सत्तांचे बावटे उतरले, तिथल्या वाचकाला या गेममध्ये जे दिसेल ते सान फ्रान्सिस्कोत बसून आठवड्याभरात परीक्षण पुरं करणाऱ्याला दिसणार नाही, आणि त्याला ते दिसलं नाही म्हणून ते तिथे नाही असं आपण का मानून चालावं?

नवी मुंबईचं प्रकरण तर याहून जवळचं, कारण ती माणसं हयात आहेत. माझ्या भाच्याचा एक मित्र कोपरखैरण्याच्या गावठाणात राहतो, आगरी कुटुंबातला. त्याने डेडफायर पुरा खेळला आहे. मी त्याला विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, “काका, हे आधी मोजणीला येतात, मग मदतीला येतात, मग कागद घेऊन येतात. आमचे आजोबा हेच सांगायचे.” मी या गेमवर बरंच इंग्रजी वाचलं आहे, इतकं नेमकं वाक्य कुठे वाचल्याचं आठवत नाही.

त्याच्या आजोबांना काय माहीत होतं? १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या शेतजमिनी, मिठागरं, खाजणं नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात, जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून विकसित जमिनीचे साडेबारा टक्के परत मिळण्याचं तत्त्व आलं. ‘प्रकल्पग्रस्त’, ‘गरजेपोटी बांधलेली घरं’, ‘साडेबारा टक्के’ हे शब्द वाशी ते उरण पट्ट्यातल्या घराघरांत रोजच्या बोलण्यात आहेत. सिडको ही काही परकी कंपनी नव्हती, शासनाचंच महामंडळ होतं. आणि जे शहर उभं राहिलं त्यात लाखो लोकांना घर मिळालं, मलाही त्या शहराचा उपयोग होतो. म्हणूनच तुलना ओढूनताणून करायची नाही. पण विकास खरा असतो, त्याचे फायदेही खरे असतात, आणि तरी ज्याची जमीन त्याला विचारलं गेलं होतं का हा प्रश्न उरतोच. डेडफायरचा गाभा नेमका हाच आहे. त्या मुलाने गेम आपल्या आजोबांच्या आठवणीशी ताडून पाहिला. समीक्षा याहून वेगळी कशी असते?

त्याच दृष्टीने पाहिलं की गेमचा सर्वांत मोठा दोषही दिसतो, आणि तो जहाजांच्या लढाईत नाही. खेळणारा हा ‘वॉचर’, बाहेरून आलेला. त्याला या बेटांशी देणंघेणं नाही. तो इओथासच्या मागावर आहे. तरी बेटांचं भवितव्य अखेर त्याच्याच हातात येतं. तो कुणाकडे झुकेल त्याचं पारडं जड. हुआना राणी, कंपन्यांचे अधिकारी, चाच्यांचे कप्तान, सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. आरपीजीची रचनाच अशी आहे, खेळणारा मध्यभागी असायलाच हवा, हे मला कळतं. पण वसाहतवादावर बोलू पाहणाऱ्या गेममध्ये निवाडा बाहेरच्यानेच करायचा, ही साधी गोष्ट नाही. त्यातही एक बारीक तपशील आहे. नकाशावर नाव नसलेलं बेट सापडलं की त्याला आपल्या मनाचं नाव देता येतं. फिरताना गंमत वाटते. मग मनात येतं, आजूबाजूच्या बेटांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या होड्या घालत आहेत; त्यांच्या भाषेत या खडकाला नाव नसेल का? आपण जे करतो आहोत तेच कंपनीचे नकाशेवाले करत आहेत.

ज्या शहरात विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून २०२१ मध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली, तिथल्या खेळणाऱ्याला नाव देण्याच्या त्या छोट्या चौकटीपाशी थांबावंसं वाटलं पाहिजे. भूमीला कुणाचं नाव लागतं यावर इथे आयुष्यं पणाला लागली आहेत. गेमने तो अधिकार इतक्या सहज, बक्षीस म्हणून वाटावा हा मला त्याच्या विचारातला खराखुरा तडा वाटतो. गुण द्यायचेच तर मी इथे कापले असते.

उलट ज्याबद्दल सगळ्यांनी गुण कापले ती गोष्ट मला तितकी खटकत नाही. मुख्य कथानक छोटं आहे, आणि देव जग उलथायला निघालेला असताना आपण बेटाबेटांवर खजिने शोधत फिरतो, याने घाई विरून जाते, अशी तक्रार होती. रचनेच्या अंगाने ती बरोबर आहे. पण शेवट पाहा. उकाइझो बेटावर पोहोचल्यावर इओथास पुनर्जन्माचं चक्र मोडतो आणि त्याला थांबवण्याची ताकद आपल्यात नसते. आपण कुणाशीही युती केलेली असो. चार सत्ता बेटांच्या वाटणीवरून झगडत राहिल्या आणि ज्या आधारावर हे जग उभं होतं तोच निखळला. ज्यांनी चक्राच्या भरवशावर रोपारूंना उपाशी ठेवलं त्यांचा भरवसाही संपला. पुढच्या जन्माचं आश्वासन गेल्यावर या जन्मातल्या उतरंडीचं समर्थन कशावर करणार? हा शेवट मला कमालीचा धीट वाटतो. त्याला ‘हताश करणारा’ म्हणून पुढे जाणं म्हणजे दारापर्यंत जाऊन परतणं आहे.

आता आक्षेप. पहिला, की खेळ तो खेळ, त्यात एवढं काय शोधायचं. हा आक्षेप एके काळी कादंबरीवर घेतला गेला, नाटकावर घेतला गेला, सिनेमावर तर माझ्या लहानपणापर्यंत घेतला जात होता. साठ तास माणूस ज्या गोष्टीत निर्णय घेत बसतो ती त्याच्या मनाला घडवत नाही असं मानणं मला जमत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गेम इंग्रजीत, मजकूर अफाट, चालवायला बरा लॅपटॉप हवा; मराठीत किती जण हा खेळणार आणि मराठी समीक्षा कुणासाठी? खरंय, डेडफायर जर्मनमध्ये आहे, पोलिशमध्ये आहे, रशियनमध्ये आहे. एकाही भारतीय भाषेत नाही. २०२३ मध्ये आलेल्या आणि जगभर गाजलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्येही नाही. पण म्हणूनच मराठीत लिहायला हवं. आपल्याकडे फिल्म सोसायट्यांनी जपानी, इराणी, स्वीडिश सिनेमे दाखवले तेव्हा प्रेक्षकांपैकी कुणाला त्या भाषा येत होत्या? त्यावर मराठीत लिहिलं गेलं, वाद झाले, आणि त्या लिखाणाने आपल्या सिनेमाकडे बघण्याची नजरही बदलली. शिवाय खेळणारे कमी नाहीत. घणसोली-ऐरोलीच्या आयटी पार्कांत काम करणारी, रात्री घरी येऊन हेडफोन लावणारी मुलं-मुली हे गेम खेळतात. पंचवीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या सायबर कॅफेंत तासाच्या हिशेबाने खेळणारे आता चाळिशीत आहेत आणि त्यांची मुलं खेळतात. त्यांना गेमबद्दल बोलायचं असतं तेव्हा ते इंग्रजीत बोलतात, कारण मराठीत त्या बोलण्याला जागा नाही. आईबापांपर्यंत त्यातलं पोचतं ते एवढंच, की पोरगं फार वेळ स्क्रीनपुढे असतं.

डेडफायर पडल्यावर निघालेला एक निष्कर्षही तपासायला हवा. असं म्हटलं गेलं की या जुन्या वळणाच्या गेमांची बाजारपेठ संपली, लोकांना एवढं वाचायचं नाही. पाच वर्षांनी बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’ आला. तोही दीर्घ, शब्दबंबाळ, पाळीपाळीने लढायचा. त्याने वर्षाचा सर्वोत्कृष्ट गेम हा किताब घेतला आणि विक्रीचे अंदाज मोडले. म्हणजे भूक होती. त्यात मोठा खर्च, सिनेमासारखी दृश्यं आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या प्रसिद्ध खेळाचं नाव यांचाही वाटा आहे, त्यामुळे सरळ तुलना करता येणार नाही. पण एका गेमच्या विक्रीवरून अख्ख्या प्रकाराचं मरण जाहीर करणारे आणि एका आकड्यावरून गेमची किंमत ठरवणारे एकाच सवयीचे बळी आहेत, हे मला स्पष्ट दिसतं.

ठाण्याला ही सवय मोडता येईल असं मी म्हणतो ते उगाच नाही. १८९३ मध्ये इथे मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं. गडकरी रंगायतनच्या मध्यंतरात चहा घेताना पहिल्या अंकाची चिरफाड करणारा प्रेक्षक इथला आहे. व्याख्यानमाला ऐकायला थंडीत मैदानात बसणारी माणसं इथली आहेत. या प्रेक्षकाला गेमचं तंत्र समजत नसेल, पण पात्र, प्रसंग, नैतिक पेच, शेवट पटला की नाही, हे त्याला कळतं. त्याच्यापुढे एखाद्या तरुणाने मोठ्या पडद्यावर गलेटमधला तासाभराचा भाग खेळून दाखवावा, निर्णयाच्या जागी थांबावं, आणि सभागृहाला विचारावं की काय करू. भांडण होईल, व्हायलाच हवं. ग्रंथालयांनी गेमवरच्या चर्चेला महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांनी, दिवाळी अंकांनी पाच ताऱ्यांच्या चौकटीऐवजी दोन पानं द्यावीत, आणि ती प्रकाशनाच्या आठवड्यात नव्हे तर गेम पुरा खेळून झाल्यावर.

सुरुवात करायला विषय समोरच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑब्सिडियनने याच जगातला ‘अव्हाउड’ आणला. या वेळी खेळणारा वाट चुकलेला वॉचर नाही. तो एडीर साम्राज्याच्या सम्राटाने दूरच्या ‘लिव्हिंग लँड्स’मध्ये पाठवलेला दूत आहे. म्हणजे डेडफायरमध्ये जे आडून होतं ते आता उघड झालं: आपण सरळ साम्राज्याचा कागद हातात घेऊन किनाऱ्यावर उतरतो. त्याची परीक्षणं मी वाचली. लढाई चपळ झाली आहे, रंग देखणे आहेत, जग लहान वाटतं, असं बरंच काही त्यांत आहे. त्या कागदावर काय लिहिलं आहे आणि उतरणाऱ्याला तो दाखवण्याचा हक्क कुणी दिला, हे कोपरखैरण्याच्या त्या मुलाने लिहावं म्हणून मी त्याच्या मागे लागलो आहे. तो म्हणतो, मराठीत लिहिलं तर छापणार कोण?